उजळणी : धूळपाटीपासून गाईडपर्यंत

मराठीत 'उजळणी' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. पहिली-दुसरीच्या मुलाची उजळणी म्हणजे एक ते शंभर अंक आणि त्यांच्या पाठोपाठ येणारे पाढे. दहावीच्या मुलाची उजळणी म्हणजे झालेला अभ्यास परीक्षेपूर्वी पुन्हा एकदा पाहणे. दोन्ही अर्थांच्या मुळाशी 'उजळणे' हे एकच क्रियापद आहे. तांब्या-पितळेचे भांडे चिंच लावून घासले की उजळते, पण ते कायमचे उजळ राहत नाही. काही दिवसांनी ते पुन्हा काळवंडते आणि पुन्हा घासावे लागते. शिकलेल्या गोष्टीचेही तसेच होते, हे हा शब्द घडवणाऱ्यांना ठाऊक असले पाहिजे.

घासण्याचे हे काम कोणी करायचे, हा मात्र प्रश्न आहे. आज माध्यमिक शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांपाशी प्रत्येक विषयाच्या 'नोट्स' असतात. कोणाकडे शिकवणीच्या झेरॉक्स, कोणाकडे गाईड, कोणाकडे फळ्यावरून उतरवून घेतलेली प्रश्नोत्तरे, तर कोणाकडे मोबाईलवर आलेली पाने. टिपणांचा इतका सुकाळ पूर्वी कधीच नव्हता. तरीही 'वाचले होते, पण आठवत नाही' ही तक्रार कमी झालेली नाही. असे का होते हे समजण्यासाठी टिपण आणि उजळणी यांचा आपल्याकडचा इतिहास थोडा चाळला पाहिजे.

धूळपाटी आणि परवचा

इंग्रजी अमलापूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ गावोगावी पंतोजींच्या शाळा चालत. तिथे छापील पुस्तक नव्हते आणि कागद महाग होता. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून मुले तिच्यावर अक्षरे व अंक काढीत. ओळ पूर्ण झाली की हात फिरवून पुसायची आणि पुन्हा काढायची. विद्यार्थ्याचे सारे लेखन पुसले जाण्यासाठीच असे. जपून ठेवायची जागा एकच होती, ती म्हणजे डोके.

पाठांतराचा कार्यक्रमही मोठा होता. साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे पावापासून साडेतीनपर्यंतच्या अपूर्णांकांचे पाढे, मुले तोंडपाठ करीत. त्यांना व्यवहारात किंमत होती. सोळा आण्यांचा रुपया आणि मण-शेरांची मापे यांचा हिशेब दुकानाच्या ओट्यावर बसून तोंडी करायचा, तर सवायकी-दिडकी यावीच लागे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, पुढे मेट्रिक मापे आली आणि या पाढ्यांचे व्यवहारातील काम संपले.

शाळेतले हे पाठांतर संध्याकाळी घरी पुन्हा होई. दिवेलागणीला मुलांनी ओळीने बसून पाढे, तिथी, महिने, नक्षत्रे व श्लोक म्हणायचे, यालाच परवचा म्हणत. परवचा रोज होई, तो न पाहता म्हणायचा असे आणि चुकले तर घरातील वडीलधारे तिथल्या तिथे सुधारीत. ही तीन वैशिष्ट्ये वाचकांनी लक्षात ठेवावीत. त्यांचा उपयोग पुढे होणार आहे.

हिंदुस्थानी शाळांच्या या रीतीकडे परकीयांचेही लक्ष गेले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथाश्रमशाळेचा कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना पाहिली. ती रीत त्यांनी आपल्या शाळेत सुरू केली, थोरल्या मुलांनी धाकट्यांना शिकवण्याची पद्धत तिला जोडली आणि पुढे इंग्लंडात 'मद्रास पद्धत' म्हणून तिचा प्रसार झाला.

पंतोजींच्या शाळेचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा हेतू नाही. तिथे छडी होती आणि अर्थ समजावून देण्याची फिकीर थोडी होती. मुख्य म्हणजे मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तिच्या उंबरठ्याबाहेर होती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांना १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढावी लागली, ती याच कारणाने. उजळणीची रीत चांगली होती, पण ती मोजक्यांच्याच वाट्याला येत होती.

छापील पुस्तक आणि परीक्षा

१८२२ मध्ये मुंबईत देशी भाषांतील शालेय पुस्तके तयार करण्यासाठी एक संस्था उभी राहिली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची भाषांतरे, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली झालेली गणिताची पुस्तके, १८३६ चे दादोबा पांडुरंगांचे व्याकरण अशी छापील पुस्तके मराठी मुलांच्या हाती येऊ लागली. त्याने दोन गोष्टी साधल्या. ज्ञान पंतोजींच्या तोंडावर अवलंबून राहिले नाही आणि सगळीकडे तेच पुस्तक असल्यामुळे सगळीकडे तीच परीक्षा घेणे शक्य झाले.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक हे कॉलेजचे दार होते, तसेच सरकारी नोकरीचेही. १८६० च्या दशकात इंग्लंडप्रमाणे मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची रीत आली. तपासनीसापुढे मुलाने उत्तर दिले तर शाळेला पैसे मिळत. परीक्षा अशी विद्यार्थ्याच्या नोकरीशी आणि शाळेच्या तिजोरीशी बांधली गेल्यावर उत्तरे तयार करून देण्याचा धंदा निघणार हे उघडच होते.

तो निघालाही. नेमलेल्या पुस्तकांचे सारांश, कठीण शब्दांचे अर्थ आणि संभाव्य प्रश्नांची उत्तरे छापलेली पुस्तके बाजारात आली. विद्यार्थी त्यांना 'की' म्हणत. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत नेमलेल्या विद्यापीठ आयोगाने हिंदुस्थानातील शिक्षणाच्या दुखण्याचे निदान केले. त्याचा आशय असा की, परीक्षेने शिकवण्याच्या मागे चालावे, ते सोडून शिकवणेच परीक्षेच्या मागे चालले आहे. या निदानाला सव्वाशे वर्षे होत आली. ते आजही शिळे वाटत नाही.

विस्मरणाचे मोजमाप

मुंबईत मॅट्रिकची घोकंपट्टी जोरात असताना जर्मनीत हेर्मान एबिंगहाउस हा मानसशास्त्रज्ञ स्वतःवरच एक चिकाटीचा प्रयोग करीत होता. आधीच्या माहितीची मदत होऊ नये म्हणून त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. त्यांच्या याद्या तो बिनचूक येईपर्यंत पाठ करी. मग ठरावीक काळ जाऊ देऊन तीच यादी पुन्हा पाठ करी आणि पहिल्यापेक्षा किती टक्के वेळ वाचला ते मोजी. १८८५ मध्ये त्याने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

सुमारे २० मिनिटांनी ५८ टक्के बचत होई. तासाभराने ती ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के, सहा दिवसांनी २५ टक्के आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. म्हणजे विसरण्याचा सपाटा पहिल्या दिवसातच असतो आणि मग त्याचा वेग मंदावतो. अर्थपूर्ण मजकूर यापेक्षा सावकाश विसरला जातो, पण वक्राचा आकार साधारण असाच राहतो. दुसरा निष्कर्ष शिक्षकांना अधिक उपयोगी आहे. बारा अक्षरगटांची यादी एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो परिणाम मिळाला, तेवढा तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी मिळाला. मेहनत जवळजवळ निम्म्यावर आली, ती केवळ मध्ये रात्री जाऊ दिल्यामुळे.

१९३९ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात स्पिट्झर यांनी सहावीच्या ३६०० हून अधिक मुलांवर प्रयोग केला. धडा वाचल्यावर लगेच ज्यांची छोटी चाचणी घेतली, त्यांना तो काही आठवड्यांनी इतरांपेक्षा जास्त आठवत होता. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी हीच गोष्ट आणखी काटेकोरपणे दाखवली. एका गटाने चार सत्रे एक उतारा फक्त वाचला. दुसऱ्याने पहिल्या सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्क्यांना ७१. आठवड्याने चित्र उलटले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

पुन्हा पुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटतो आणि ओळखीचा म्हणजे आलेला, असा विद्यार्थ्याचा समज होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री हा समज खराही ठरतो. आठवड्याने, महिन्याने, पुढच्या इयत्तेत तो खोटा ठरतो. आता परवच्याची तीन वैशिष्ट्ये पुन्हा पाहा : रोज, न पाहता आणि चूक झाली तर लगेच दुरुस्ती. प्रयोगशाळेने जे आकड्यांनी सिद्ध केले, त्याचा सांगाडा दिवेलागणीच्या त्या रिवाजात होता. अर्थाची जोड मात्र त्यात नव्हती, ती आपण द्यायची आहे.

मंडळ, पाठ्यपुस्तक आणि गाईड

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एस. एस. सी. ने घेतली. १ जानेवारी १९६६ रोजी महाराष्ट्राचे राज्य मंडळ अस्तित्वात आले. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली. १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधाची पहिली दहावीची परीक्षा झाली. माध्यमिक शाळा तालुक्यांतून खेड्यांपर्यंत गेल्या आणि ज्यांच्या घरात पूर्वी कोणी हायस्कूलची पायरी चढले नव्हते, अशी लाखो मुले दहावीला बसू लागली.

याच काळात गाईडांचा प्रसार झाला. १९५९ पासून मुंबईतून निघणारे 'नवनीत' घराघरांत पोहोचले आणि '२१ अपेक्षित' हा शब्दप्रयोग तर प्रश्नसंचाला पर्याय म्हणून मराठीत रुळला. गाईडाची टिंगल करणे सोपे आहे. पण ज्या घरी आईवडिलांना अभ्यास विचारता येत नाही आणि शिकवणीला पैसे नाहीत, त्या घरी थोड्या रुपयांचे गाईड हाच एक मास्तर होता. हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. दोष गाईड विकत घेण्यात नाही. टिपण करण्याचे काम विद्यार्थ्याच्या हातून निघून गेले, ही खरी हानी आहे. धडा वाचून त्यातले महत्त्वाचे काय, कशाचा कशाशी संबंध, हे ठरवणे म्हणजेच शिकणे. गाईडात ते ठरवून झालेले असते.

याला वेगळा मार्ग दाखवणारे प्रयोगही झाले. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ या काळात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सरकारी शाळांत चालला. मुले स्वतः प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत लिहीत आणि परीक्षेला पुस्तक व वही घेऊन बसत. प्रश्न असे असत की वही पाहून उत्तर उतरवता येत नसे, ती वापरून ते शोधावे लागे. तिथे टिपणाला पुन्हा किंमत आली, कारण ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे होते. १९९३ मध्ये यशपाल समितीनेही हेच बजावले की, दप्तराच्या वजनापेक्षा न समजलेल्या गोष्टींचे ओझे अधिक घातक आहे.

शीळफाट्यावरचा प्रश्न

हा इतिहास आज कोठे येऊन ठेपला आहे, हे पाहायला शीळफाट्यासारखी जागा चांगली. मुंब्र्याकडून येणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, काटईमार्गे कल्याणला जाणारा रस्ता आणि महापेकडे जाणारा रस्ता इथे एकत्र येतात. शीळ, डायघर, खिडकाळी ही मूळची भातशेतीची गावे. आता त्यांच्या भोवती गोदामे, चाळी आणि उंच इमारतींच्या वसाहती आहेत. उत्तरेला कल्याणसारखे जुने शहर, जिथले सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचे आहे. फाट्यावरच्या वस्तीला असा वारसा नाही. इथली मुले मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा चार माध्यमांत शिकतात आणि अनेकांची घरची भाषा या चारांपैकी एकही नसते.

अशा भागातील दहावीची दोन मुले डोळ्यांपुढे आणा. एकीकडे महागड्या शिकवणीच्या रंगीत छापील नोट्स आहेत, दुसरीकडे आदल्या वर्षीच्या मुलाकडून मिळालेले गाईड. समाजाच्या दृष्टीने पहिलीचे नशीब चांगले. पण दोघेही टिपण वाचूनच थांबत असतील, तर आठवड्याने दोघांचीही पाटी सारखीच पुसट होते. दुसऱ्याने गाईड मिटून आठवून लिहायला सुरुवात केली, तर तो पुढे जाऊ शकतो. आठवून लिहायला पैसे लागत नाहीत. एक पेन्सिल आणि पाठकोरा कागद पुरतो. ही पद्धत गरीब विद्यार्थ्याला कोणी सांगितलेली नसते, म्हणून ती सांगणे हे शिक्षकाचे काम आहे असे आम्हांला वाटते.

विषयवार टिपण

सगळ्या विषयांची टिपणे एकाच साच्याची, म्हणजे प्रश्न आणि उत्तर अशी, करण्याची आपल्याला सवय आहे. विषयाचा स्वभाव पाहून साचा बदलला पाहिजे.

इतिहासाचे टिपण कालरेषेवर चांगले होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली, १८६३ मध्ये बोरघाट चढून गेली. नुसत्या सनावळ्या विसरतात. प्रत्येक दोन सनांमध्ये 'म्हणून काय झाले?' हा प्रश्न लिहावा. बंदर म्हणून प्राचीन काळापासून नाव असलेले कल्याण रेल्वेचे जंक्शन झाले, याचे उत्तर त्या फटीत सापडते.

भूगोलाचे टिपण म्हणजे नकाशा. पुस्तक मिटून उल्हास नदी काढायला सांगा. सह्याद्रीतला उगम, कर्जत, बदलापूर, कल्याण आणि वसईची खाडी. काळू आणि भातसा यांचे पाणी तिच्यात कोठे येते, पारसिकचा डोंगर कोणत्या बाजूला आहे? मग नकाशा उघडून लाल पेन्सिलीने दुरुस्ती करावी. चुकलेली जागा सहसा पुन्हा चुकत नाही.

विज्ञानात व्याख्येबरोबर 'का' हवा. १८६९ मध्ये मेंडेलिएव्हने आवर्तसारणी मांडली, एवढे टिपण पुरेसे नाही. त्याने काही जागा मोकळ्या का सोडल्या आणि १८७५ मध्ये गॅलियम सापडल्यावर काय सिद्ध झाले, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत दोन ओळींत लिहावे. आकृत्या पाहून दहादा गिरवण्यापेक्षा न पाहता दोनदा काढाव्यात.

गणितात एका प्रकारची वीस उदाहरणे सलग सोडवली की पंधरावे उदाहरण हात आपोआप सोडवतो, डोके नाही. वर्गसमीकरण, समांतर श्रेढी आणि संभाव्यता यांची उदाहरणे मिसळून द्यावीत, म्हणजे कोणती रीत वापरायची हे ओळखण्याचाही सराव होतो. परीक्षेत नेमके तेच करायचे असते. भाषेत निबंध पाठ करण्याऐवजी चार मुद्द्यांचे टाचण करून दर वेळी नव्याने लिहावा, आणि व्याकरणाच्या प्रत्येक नियमाला आपल्या बोलण्यातले उदाहरण जोडावे.

वर्गात काय करता येईल?

यासाठी वेगळा तास किंवा परिपत्रक लागत नाही. तास सुरू होताना पाच मिनिटे वह्या मिटून कालच्या धड्यातील तीन गोष्टी लिहायला सांगाव्यात. त्यांना गुण देऊ नयेत, कारण गुण आले की नक्कल येते. मुलांनी पुस्तक उघडून आपल्या चुका आपणच सुधाराव्यात. तोच भाग चार दिवसांनी आणि मग महिन्याने पुन्हा विचारावा. आपल्या टाचणवहीत आजच्या घटकाशेजारी मागील आठवड्याच्या घटकाचे एक नाव लिहून ठेवले की हे आपोआप साधते.

गाईड असेल तर तेही कामाला लावावे. आधी स्वतः उत्तर लिहायचे, मग गाईड उघडून तुलना करायची आणि गाईडात काय जास्त आहे, काय कमी आहे, काय चुकले आहे ते शोधायचे. गाईडातली चूक सापडलेल्या मुलाचा आत्मविश्वास पाहण्यासारखा असतो.

घरी परवच्याची जागा कोणी घ्यायची? शीळफाट्याच्या वाहतूक कोंडीत शाळेची बस रोज अडकते. तेवढ्या वेळात शेजारच्या मित्राला पाच प्रश्न विचारता येतात. घरी आईला पाठ्यपुस्तकाची भाषा येत नसली, तरी 'आज काय शिकलास ते मला सांग' एवढे ती विचारू शकते. आपल्या भाषेत, पुस्तक मिटून, न शिकलेल्या माणसाला समजेल असे सांगता आले, तर तो धडा आला असे खुशाल समजावे. वडीलधाऱ्यांपुढे बसून म्हणायचा परवचा एके काळी मोजक्या घरांत होता. आज तो शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला देता येईल, आणि त्यासाठी विकत आणावे असे काहीच लागत नाही.